मोळीखालची कंबर

कारखान्याचा पट्टा पडला, की माझ्या दवाखान्यात कंबर धरून माणसं यायला लागतात. मार्च-एप्रिलमध्ये साखर कारखान्यांचा हंगाम संपतो, गेवराई तालुक्यातल्या ऊसतोड टोळ्या कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून आणि कर्नाटकातून परततात, कुलूप उघडून घरं झाडून होतात, आणि मग हंगामभर पुढं ढकललेलं दुखणं वर येतं. मी फिजिओथेरपिस्ट आहे. गेवराईत बसते आणि आठवड्यातून एक दिवस चकलांब्याला जाते. ते माझं माहेर. आईवडील वर्षानुवर्षं तोडीला गेले. ‘कमरात चमक निघती’, ‘उसण भरली’, ‘खाली बसलं की उठता येईना’ ही वाक्यं मी कॉलेजात जाण्याच्या कितीतरी आधी घरात ऐकली.

माझ्यापर्यंत पोचेस्तोवर या माणसांनी बरंच काही करून पाहिलेलं असतं. कुणी चोळून घेतलेलं असतं, कुणी तुंबडी लावून घेतलेली, कुणाच्या कमरेवर बिब्ब्याचे काळे डाग असतात. ज्यांच्याकडे थोडे पैसे आहेत ते शहरात जाऊन कटिबस्ती करून आलेले असतात, नाहीतर सुया टोचून. बरोबर पिशवीत एक्स-रेचं पाकीट आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं. ती सगळी पिशवी माझ्या टेबलावर ओतून बाई विचारते, “यातलं काय करू आन् काय नको, ते सांग बाई.” प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर मला तिच्या कामापासून सुरू करावं लागतं, कारण कंबर त्या कामात गेली आहे.

ऊस बुंध्याशी, जमिनीलगत तोडावा लागतो. त्यासाठी कमरेत वाकायचं, डाव्या हातात ऊस धरायचा, उजव्या हाताने कोयता मारायचा, शेंड्याचं वाढं छाटायचं आणि अंग वळवून ऊस बाजूला टाकायचा. हे पहाटेपासून. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. तो तोडतो, ती गोळा करून मोळी बांधते, मग दोघं डोक्यावरून मोळ्या वाहून नेतात. गाडी भरायची असली तर फळीवरून चढून वर टाकायच्या. मोळी तीस-चाळीस किलोची. एका कोयत्याने दिवसात दोन टन ऊस तोडला आणि मोळी चाळीस किलोची धरली, तर पन्नास मोळ्या होतात. अमेरिकेतल्या कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या ‘नायॉश’ या सरकारी संस्थेने दोन्ही हातांनी उचलायच्या ओझ्याची मर्यादा ठरवली आहे. सगळी परिस्थिती अनुकूल असली, म्हणजे ओझं अंगाशी, कमरेच्या उंचीवर, अंग न पिळता आणि अधूनमधून उचलायचं असलं, तर ती मर्यादा 23 किलो येते. वाकून, वळून, वारंवार उचलायचं असेल तर आणखी खाली. उसाच्या फडात ओझं जमिनीवरून उचलायचं असतं आणि थेट डोक्यावर न्यायचं असतं.

वाकलेल्या अवस्थेत कण्याच्या खालच्या गाद्यांवर आणि मागच्या स्नायूंवर ताण पडतो. तासन्‌तास वाकून राहिलं की मागचे बंध सैल होतात, स्नायू थकतात, आणि त्याच अवस्थेत झटक्याने ओझं उचललं की चमक भरते. रात्री-अपरात्री गाडी आली, की झोपेतून उठून थंड अंगाने तेच काम करावं लागतं. मला विचाराल तर कमरेला सगळ्यांत घातक वेळ हीच.

आता पिशवीतल्या एक्स-रेबद्दल. आमच्या भागात ‘मणक्यात गॅप पडलाय’ हे वाक्य एकदा कानावर पडलं, की माणूस निम्मा खचतो. गाद्यांची झीज किंवा थोडा फुगवटा हे वयाबरोबर जवळजवळ सगळ्यांच्यात दिसतं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन एकत्र तपासले गेले, तेव्हा विशीतल्या 30 टक्के आणि ऐंशीतल्या 84 टक्के लोकांत गादीचा फुगवटा आढळला. जुनाट कंबरदुखीच्या बहुतेक रुग्णांत एका ठरावीक जागी बोट ठेवून ‘हे मोडलंय’ असं दाखवता येत नाही. स्नायू, बंध, सांधे, झोप, काळजी, कामाचा भार यांचं मिळून ते दुखणं असतं. त्यामुळेच शेक, मालिश, योग, सुया अशा नाना वाटांनी त्याला थोडाथोडा उतार पडतो आणि कुठल्याच एका वाटेने ते समूळ जात नाही. जगात 2020 साली सुमारे 62 कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे; म्हणजे चकलांब्याची बाई या दुखण्यात एकटी नाही.

सगळ्यांत आधी शेक, कारण तो फडावरच्या कोपीत, म्हणजे झोपडीतही, जमतो. माझी आई चुलीच्या कडेला वीट ठेवायची. भाकरी होईपर्यंत वीट तापायची. मग ती जुन्या धोतराच्या फडक्यात दोन-तीन घड्यांत गुंडाळायची, आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायची, आणि मनगटाला सोसली तरच वडिलांच्या कमरेला. पालथं झोपवून पोटाखाली गोधडीची घडी सरकवायची, म्हणजे कमरेचा बाक मोकळा होतो. कधी रुईच्या पानाला तेल लावून ते तव्यावर गरम करून ठेवायची, कधी निरगुडीचा पाला. पंधरा-वीस मिनिटांनी वडील कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठायचे. त्या शेकण्यात मला आज शास्त्राला धरून असलेल्या बऱ्याच गोष्टी दिसतात. नव्या दुखण्यात उष्णतेने थोड्या काळापुरता आराम पडतो, हे प्रयोगांत दिसलं आहे. ताठरलेला स्नायू सैल होतो आणि माणूस हालचाल करायला धजावतो. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने 2017 साली मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत नव्या कंबरदुखीसाठी गोळीच्या आधी शेक, मालिश आणि अ‍ॅक्युपंक्चर यांची नावं आहेत. मधुमेहामुळे ज्यांची त्वचा बधिर झाली आहे त्यांनी मात्र विटेच्या वाटेला जाऊ नये. भाजल्याचं त्यांना कळत नाही.

चोळून घेण्याचंही तसंच. चांगल्या हाताची मालिश काही आठवडे आराम देते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर 2023 च्या जुनाट कंबरदुखीवरच्या सूचनांत मालिशीला जागा आहे. मी गावातल्या चोळणाऱ्या बायांना कधी नावं ठेवत नाही. त्यांच्या बोटांना स्नायूच्या गाठी माझ्याइतक्याच चांगल्या कळतात. फक्त कण्यावर पाय देऊन उभं राहणं, मान झटक्याने मोडणं आणि पायात मुंग्या असलेल्या माणसाला जोरात पिळणं, या तीन गोष्टी करू नका असं मी त्यांना सांगत असते. पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या, माणसाने उसण भरलेल्या कमरेला पाय लावला की उसण जाते, ही समजूत आमच्याकडे घट्ट आहे. उसण बहुतेकदा काही दिवसांत आपोआप उतरते, म्हणून पायाळूला यश येतं. हलका पाय लावला तर माझी हरकत नाही, लाथ मात्र नको.

वैदूंची तुंबडी जुनीच आहे. नुसती तुंबडी लावली तर फारसं नुकसान नाही, आरामही थोडाच. ब्लेडने चिरून रक्त काढलं तर जंतुसंसर्गाची भीती खरी आहे. बिब्बा आणि डागणी यांना माझा साफ विरोध आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी अक्षरशः जळते, फोड येतात, पुढे जखमा चिघळतात. नव्या आगीपुढे जुनं दुखणं काही वेळ जाणवत नाही, एवढाच त्याचा गुण.

कटिबस्तीबद्दल लोक फार विचारतात. उडदाच्या पिठाचं कडं कमरेवर बसवायचं, त्यात कोमट औषधी तेल ओतायचं, गार झालं की बदलायचं, असं अर्धा-पाऊण तास. मी अनेकांना बरं वाटलेलं पाहिलं आहे. त्यावर झालेले अभ्यास लहान आहेत, त्यामुळे यातला तेलाचा वाटा किती, उष्णतेचा किती आणि अर्धा तास शांत पडून राहण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. नोंदणीकृत वैद्याकडे, परवडत असेल तर जरूर करा. कर्ज काढून मोठी पॅकेजं घेऊ नका. घरची वीट त्याच्या बरंच जवळ जाते. पोटात घ्यायच्या औषधांबाबत मी जास्त कडक आहे. नाव नसलेल्या, लेबल नसलेल्या पुड्या घेऊन दोन दिवसांत उड्या मारायला लागलेली माणसं माझ्याकडे काही महिन्यांनी सुजलेला चेहरा आणि वाढलेली साखर घेऊन येतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे प्रकार देशभर सापडले आहेत. पुडीवर बनवणाऱ्याचं नाव आणि घटक छापलेले नसतील तर ती तोंडात घालू नका.

सुयांची गोष्ट थोडी सविस्तर सांगते. आपल्याकडे अ‍ॅक्युपंक्चर आलं ते चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातल्या एका डॉक्टरमुळे. 1938 साली सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या पथकातून गेले, त्याच पथकात डॉ. बिजॉय कुमार बसू होते. पुढे बसूंनी चीनमध्ये ही विद्या शिकून कोलकात्यात तिची सुरुवात केली. महाराष्ट्राने या पद्धतीसाठी वेगळा कायदाही केला आहे. आता तिच्या गुणाचं. जर्मनीत 2007 साली 1,162 रुग्णांवर मोठा प्रयोग झाला. एका गटाला नेमक्या बिंदूंवर सुया टोचल्या, दुसऱ्याला भलत्याच जागी वरवर टोचल्या, तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि व्यायाम दिले. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या 47.6 टक्के लोकांना फरक पडला, दुसऱ्यात 44.2 टक्क्यांना, तिसऱ्यात 27.4 टक्क्यांना. अमेरिकेत 2009 साली 638 लोकांवरच्या प्रयोगात तर एका गटाला सुईऐवजी दात कोरायच्या काडीने नुसतं टोचल्यासारखं केलं. त्यांनाही खऱ्या सुयांइतकाच आराम पडला. म्हणजे नेमक्या बिंदूचं महत्त्व कमी आणि कुणीतरी वेळ देऊन, हात लावून, विश्वासाने उपचार करण्याचं महत्त्व बरंच. ब्रिटनच्या आरोग्य यंत्रणेने 2016 साली कंबरदुखीसाठी सुया देऊ नका असं म्हटलं; जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये देता येतील असं म्हटलं. मी कुणाला सुयांसाठी छत्रपती संभाजीनगरच्या फेऱ्या मारायला लावत नाही. जवळ प्रशिक्षित माणूस असेल आणि सुया नव्या, निर्जंतुक असतील, तर अडवतही नाही.

योगाबद्दल मला जास्त उत्साह आहे. पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, खुर्ची, ठोकळे यांच्या आधाराने आसनं करायची रीत घडवली, म्हणून ताठर अंगाच्या माणसालाही आसन जमू लागलं. ब्रिटनमध्ये 2011 साली 313 रुग्णांवर बारा आठवड्यांच्या योगवर्गांचा अभ्यास झाला. त्यांच्या दुखण्यात फार फरक दिसला नाही, पण वाकणं, चालणं, घरकाम करणं वर्षभर सुधारलेलं राहिलं. कष्टकरी माणसाला हा निकाल मोलाचा आहे. बॉस्टनमध्ये 320 लोकांवर, त्यातही बहुतांश गरीब वस्त्यांतल्या, 2017 साली योग आणि फिजिओथेरपीची तुलना झाली. योग मागे पडला नाही. माझा धंदा फिजिओथेरपीचा असला तरी मला त्याचा आनंदच आहे, कारण गावात फिजिओथेरपिस्ट मिळणं कठीण आणि आसन शिकवणारा शिक्षक मिळू शकतो.

फडात सतरंजी टाकून आसनं करता येत नाहीत, आणि बायांना तिथं आडोसाही नसतो. म्हणून मी उभ्याने करायची एक हालचाल शिकवते. सरी संपली की कोयता खाली ठेवायचा, पाय खांद्याइतके फाकवायचे, दोन्ही तळहात कमरेच्या मागे, बोटं खाली, आणि गुडघे न वाकवता हळूहळू मागे झुकायचं, नजर आभाळाकडे. पाच-सहा वेळा. तासभर पुढे वाकलेल्या कण्याला उलट्या दिशेने मोकळं करणं एवढंच त्यात आहे. मागे झुकताना कळ पायात उतरायला लागली तर ती हालचाल थांबवायची. रात्री गाडी आली की थेट मोळीला हात घालायचा नाही; आधी चार पावलं चालायचं, ही हालचाल करायची, मग पहिली मोळी दोघांनी मिळून उचलायची.

चालण्याचं नाव काढलं की माणसं म्हणतात, “ताई, आम्ही काय दिवसभर बसून ऱ्हातो का?” खरं आहे. पण ओझ्याखाली चालणं वेगळं आणि मोकळ्या अंगाने, स्वतःच्या चालीने चालणं वेगळं. 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 701 लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकत्याच उठलेल्या लोकांना हळूहळू वाढवत चालायला लावलं, तर दुखणं परत येण्याआधीचा काळ साधारणपणे 112 दिवसांवरून 208 दिवसांवर गेला. पट्टा पडल्यावर मे-जूनमध्ये जी माणसं बाजेवर पडून राहतात, त्यांना मी सकाळी कालव्याच्या कडेने अर्धा तास चालायला लावते. दुखतंय म्हणून पडून राहिलं की कंबर आणखी आखडते.

कमरेच्या पट्ट्यावर मात्र पैसे घालवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने पट्टे, वजन लावून कंबर ओढणं आणि यंत्राने अल्ट्रासाउंडचा शेक, या तिन्हींची नेहमीच्या वापरासाठी शिफारस केलेली नाही. चुंबकाच्या गाद्या आणि माळा यांचं नावही काढायला नको.

या सगळ्यांहून मला जास्त भीती वाटते ती सुईची, दुखणं मारणाऱ्या इंजेक्शनची. फडाजवळच्या गावात संध्याकाळी एक इंजेक्शन घेतलं, सकाळी कळ नाही, पुन्हा मोळी. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते, एक दिवस अंथरुणावर राहिलं तर खाडा लागतो आणि पैसे कापले जातात. म्हणून माणूस कळ मारून कामावर जातो आणि कंबर ज्या ओझ्याने बिघडली तेच ओझं पुन्हा तिच्यावर चढवतो. उन्हात, पुरेसं पाणी न पिता अशा गोळ्या-इंजेक्शनं वरचेवर घेतली तर मूत्रपिंडांना इजा होऊ शकते, जठरात व्रण होतो. उपाय चांगला की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते: त्याने माणसाची हालचाल वाढली का, की नुसतं ओझं वाढवायला मोकळीक मिळाली. वीट, मालिश, आसन, चालणं पहिल्या रांगेत बसतात. इंजेक्शन बहुतेक वेळा दुसऱ्या.

बायांच्या कंबरदुखीचं आणखी एक प्रकरण आमच्या बीड जिल्ह्याने पाहिलं आहे आणि ते विसरता येत नाही. 2019 साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसाठी जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली; त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती. कित्येक जणी ‘कंबर दुखते, अंगावरून जातं’ एवढी तक्रार घेऊन गेल्या होत्या. पिशवी गेली, मोळी तशीच राहिली, आणि कंबरही दुखतच राहिली. त्यातल्या काही बाया आज माझ्याकडे येतात. कमी वयात बीजांडंही काढली गेली असली तर हाडं लवकर ठिसूळ होण्याचा धोका त्यांना वेगळाच. ‘पिशवी काढली की कंबर थांबेल’ असं कुणी सांगितलं, तर दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

काही कंबरदुखी मात्र शेकात, तेलात, योगात वेळ घालवण्याची नसते. पायातली ताकद कमी होत चालली, पाऊल फरफटायला लागलं, बसण्याच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली किंवा नकळत व्हायला लागली, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा. संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, रात्री पडल्यावरही न थांबणारी कळ असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासायला हवा. त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. फळीवरून पडून कंबर धरली असेल तर चोळायच्या आधी एक्स-रे.

आणि मोळीचं वजन. मजुरी टनावर मिळते, मोळीवर नाही, म्हणजे मोळी पंचवीस किलोची बांधली तरी पैसे तेवढेच. लोक म्हणतात फेऱ्या वाढतील, गाडी भरायला उशीर होईल, आणि त्यांचं म्हणणं बरोबर आहे. उशिराची शिक्षा त्यांनाच होते. म्हणून हा निर्णय एकट्या कोयत्यावर सोडून चालणार नाही. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ आहे, कारखाने आहेत, दर तीन वर्षांनी दरवाढीच्या बैठका होतात. त्या बैठकीत टनाच्या दराबरोबर मोळीच्या वजनाची मर्यादा, गाडी भरायला सरकता पट्टा किंवा रुंद फळी, रात्रीच्या भरणीनंतर सकाळची सुट्टी आणि कंबर धरलेल्या माणसाला खाड्यातून सूट, एवढं लिहून घ्यायला हवं. हंगामात कारखान्याच्या तळावर आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट पाठवायला फार खर्च येत नाही. मी जायला तयार आहे, आणि माझ्याबरोबर शिकलेल्या आणखी काही जणीही आहेत.